तीन टिंबं

टेसमर, तुमच्या पहिल्या कादंबरीला
मी दीडशे शब्द दिले होते.
रविवारची पुरवणी, आतलं पान, खाली गादीवाल्याची जाहिरात.
मी लिहिलं: हा खाजगी गुप्तहेर बफेलोच्या बर्फातून
दोनशे ऐंशी पानं चालतो
आणि याचे मोजे एकदाही ओले होत नाहीत.
संपादक हसला. मला बरं वाटलं.
तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, कुणीही हसलं की
मला बरं वाटायचं.

दुसऱ्या पुस्तकात डेल्मर क्विग
खुनाचा तपास अर्ध्यावर टाकून
हीटरवर मोजे वाळत घालतो. अडीच पानं.
लोकरीचा वास, टाचेचं भोक,
खिडकीबाहेर धान्याची ओसाड उंच कोठारं,
एरी सरोवरावरून येणारा, फटीतून शिट्टी घालणारा वारा.
न्यूयॉर्कच्या मोठ्या समीक्षकांनी
ती अडीच पानं डोक्यावर घेतली.
मी म्हटलं, योगायोग.

मग मी लिहिलं, यांच्या बायका
एक तर मेलेल्या असतात, नाहीतर खोटं बोलत असतात.
चौथ्यात आली रेजिना श्वोब:
जिवंत, खरं बोलणारी, जराशी कंटाळवाणी,
चष्म्याची दांडी चिकटपट्टीने बांधलेली.
मी वाचता वाचता चष्मा काढला
आणि दांडीवरून बोट फिरवलं.

आपण कधी भेटलो नाही.
तुमचं घर माझ्यापासून सहा गल्ल्यांवर.
बेकरीच्या रांगेत कुणीतरी माझ्या मागे उभं असायचं,
पण रांगेत कुणीतरी मागे असतंच.

सातव्यापासून सगळे म्हणू लागले, माल संपला.
मीही म्हटलं: पाहुणे वाढले म्हणून
पाणी घालून पुरवलेली आमटी.
वाक्य झकास जमलं होतं. त्याच आठवड्यात
तुमच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं,
हे मला कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं, तरी बहुतेक
वाक्य मी ठेवलंच असतं.

अकराव्यात क्विगला अशील नाही, प्रेत नाही.
तो नुसता गाडीत बसून एका घराकडे पाहतो:
वरचा मजला, खिडकीच्या पडद्याची एक पट्टी तुटलेली,
दिव्याखाली कुणी लिहितंय, खोडतंय, पुन्हा लिहितंय.
तो वहीत नोंद करतो.
एक वाजून दहा. दिवा चालू.
एक चाळीस. चालू.
दोन पाच. तिला शेवट सापडत नसावा.

मी लिहिलं: शेवट सैल.
दोनशे शब्दांत पट्टी काही बसली नाही.
रविवारी ते छापून आलं, गुरुवारी तुमची मृत्युवार्ता,
त्याच पेपरात, त्याच टायपात,
तुमच्या नावातला एक स गाळून.

आता नवी आवृत्ती आलीय. अकरा पुस्तकं, एक खोकं,
मागे भारीभारी नावं, आणि सगळ्यात खाली मी:
‘विलक्षण...’
वान्डा शिमकोवियाक, बफेलो.

मी लिहिलं होतं, विलक्षण आळसाने रचलेलं कथानक.
उरलेलं वाक्य त्या तीन टिंबांखाली पुरलंय.
काम सफाईचं. माती सारखी केलेली, ठसे नाहीत,
क्विगलाही पत्ता लागला नसता.
तक्रार करायची म्हणून काउंटरपर्यंत गेले
आणि पैसे देऊन खोकं घेऊन आले.
खरं सांगू? ते वाक्य तसंच बरं वाटलं.

काल रात्री अकरावं पुन्हा काढलं.
पडद्याची ती पट्टी मी अजून बदललेली नाही.
एक वाजून दहा.
खाली रस्त्यावर एक गाडी, टपावर वीतभर बर्फ.
शेजाऱ्यांची असणार.

दिवा मी चालूच ठेवला.